अनोळखी एक

त्या संध्याकाळी भिंतीवरच्या डबीने टाकळकरांच्या घरात पाच माणसं मोजली. घरात माणसं होती चार.

"ओळखीचे श्वास चार. अनोळखी एक," डबी तिच्या त्या तुपकट आवाजात म्हणाली. "अनोळखी श्वासात बुरशीच्या संसर्गाची पुसट खूण आहे. काळजी घ्या."

हर्षाली इराला मऊभात भरवत होती. चमचा हवेतच धरून ती हसली. "घ्या! भोचक आत्याबाईंना आज भूत दिसलं."

विनयाताई देवापाशी सांजवात लावत होत्या. सुनेचं बोलणं ऐकून त्यांनाही हसू आलं. पायातले बूट काढता काढता ओजस मात्र थांबला. त्याने आधी डबीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग बायकोकडे.

"दुपारी कोणी आलं होतं?"

"कोण येणार? मी कामाला बसले होते, आई पोथी वाचत होत्या, आणि ही बाई झोपली होती." तिने इराच्या नाकाला बोट लावलं.

"डबी चुकत नाही," ओजस म्हणाला.

डबी त्यानेच आणून बसवली होती. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील, श्रीरंगराव, न्यूमोनियाने गेले. खोकला सुरू झाला तेव्हा अर्धं फुफ्फुस आधीच निकामी झालेलं होतं. "आठवडाभर आधी कळतं तर..." असं डॉक्टर म्हणाले आणि ते अर्धं वाक्य ओजसच्या मनात रुतून बसलं. पुढे इरा सातव्या महिन्यातच जन्मली, तीही कच्ची फुफ्फुसं घेऊन. त्याच आठवड्यात देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर डबी आली.

तिचं शास्त्र तसं सोपं होतं. माणूस श्वास सोडतो तेव्हा त्याच्याबरोबर शेकडो सूक्ष्म गंध बाहेर पडतात. आपल्या नाकाला ते कळत नाहीत. फुफ्फुसात जंतू शिरले, की ते तिथे खातात, वाढतात आणि आपला म्हणून एक वास सोडतात. जिवाणूंचा वेगळा, बुरशीचा वेगळा. पातेल्यावरचं झाकण न उचलताही दूध नासल्याचं बाईला कळतं ना, तसंच. डबीच्या जाळीमागे केसाहून बारीक पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टी एकेक वास धरून ठेवायची. ऊब, ओल आणि कर्बवायू एकत्र आले की तो श्वास, नाहीतर नुसती हवा. शिवाय प्रत्येकाच्या श्वासाची लय आणि गंधांचं मिश्रण निराळं असतं. त्यामुळे घरातली माणसं तिला बोटांच्या ठशांसारखी पाठ व्हायची. सुई नाही, क्ष-किरण नाही, अंगाला कुणाचा हात नाही. खोकला यायच्या कितीतरी आधी ती सांगायची.

पण पहिल्या वर्षीच या डब्यांनी बरेच संसार मोडले. कोण किती वाजता घरात होतं, हेही त्या सांगायच्या. मग कायदा झाला की वेळ सांगायची नाही, दिवसाचा आकडा तेवढा संध्याकाळी सांगायचा. चालू क्षणाचा आकडा उघडायची किल्ली फक्त आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे. कायदा करणाऱ्यांना वाटलं, आता संशयाला जागा उरली नाही. पण संशयाला नेमकी वेळ मिळाली नाही, तर तो दिवसभर पुरतो.

दुसऱ्या संध्याकाळी डबी म्हणाली, "अनोळखी एक." तिसऱ्याही. हर्षालीचं हसू हळूहळू मावळलं.

*

विनयाताईंचा दिवस व्रतांनी बांधलेला होता. उजाडायच्या आत स्नान. पूजा होईपर्यंत मौन. पूजेनंतर तीन वेळा शंखनाद, आणि मग पहिला शब्द नि पहिला घोट. त्यांचा आवाज एरवी शेजारच्या खोलीतही पोचायचा नाही. भाजीवाला दोनदा विचारायचा, "काय म्हटलं, मावशी?" त्यांच्या उभ्या दिवसात मोठा असा आवाज एकच होता, तो शंखाचा.

शंख श्रीरंगरावांचा. लग्नाआधीपासून रोज तेच वाजवायचे. इस्पितळात प्राणवायूचा मुखवटा बाजूला करून ते बायकोला म्हणाले होते, "शंख मुका ठेवू नकोस." शेजारच्या शेवाळेकाकूंनी नंतर नाक मुरडलं होतं. "बाईमाणसाने शंख फुंकू नये हो, त्यातून..." पुढचा शब्द त्यांनी गिळला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शंख वाजला तो शेवाळ्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेला.

वाजवायच्या शंखाला एरवी पाण्याने धुतात, एवढंच. वर्षश्राद्ध झालं तेव्हापासून विनयाताई त्याला रोज चमचाभर दुधाचंही स्नान घालू लागल्या. मग पाणी फिरवायचं आणि यजमानांच्या ओल्या सोवळ्याच्या पंचात गुंडाळून देव्हाऱ्याच्या खणात ठेवायचं. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. पूजेच्या वेळी इरा मांडीवर असायची. शंख तोंडाशी गेला की ती डोळे मोठे करायची आणि नाद थांबला की हात हलवून "आणखी" म्हणून हट्ट करायची.

डबी पाच म्हणू लागली त्याच्या पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. ओजसची पहिली पाळी होती. सातपूरच्या कारखान्यात जायला निघालेला तो देव्हाऱ्यापाशी थबकला. विनयाताई गंध उगाळत होत्या.

"आई," तो हळूच म्हणाला, "मी घरी नसताना कुणी येतं का? खरं सांग. हर्षालीला मी काही बोलणार नाही."

विनयाताईंनी मान वर केली. त्यांचं मौन होतं. त्याच्या प्रश्नातलं ते शेवटचं वाक्य ऐकून त्यांना कानकोंडं झालं आणि त्यांनी मान खाली घातली.

"कळलं," ओजस म्हणाला आणि गेला.

त्याला काय कळलं, ते त्यांना रात्रीच्या जेवणाला समजलं.

*

"मला काय विचारतोस?" स्वयंपाकघरात हर्षालीचा आवाज चढला होता. "तुझी आई घरात असते की दिवसभर! विचार ना त्यांना."

"विचारलं."

"मग?"

"गप्प बसली."

हर्षालीने दारातून सासूकडे पाहिलं. विनयाताईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"अरे, माझं मौन होतं तेव्हा," त्या म्हणाल्या.

"मौन सुटल्यावर फोन करता आला असता."

"काय सांगायला करू? मला कोणी दिसलं नाही रे."

"दिसलं नाही आणि आलं नाही, यात फरक आहे, आई. तू संध्याकाळी देवळात जातेस. दुपारी तुझा डोळा लागतो."

"वा!" हर्षाली म्हणाली. "म्हणजे यांचा डोळा लागला की मी दार उघडते! आमच्या जळगावात याला काय म्हणतात माहीत आहे? सांगू? नको, आई समोर आहेत."

"मी तसं म्हणालो नाही."

"तू कुठे काय म्हणतोस! तू फक्त मोजतोस."

विनयाताई त्या रात्री पोथी घेऊन बसल्या, पण ओळी पुढे सरकेनात. सून तशी नाही, हे त्यांना माहीत होतं. पण श्रीरंगरावही ठणठणीत आहेत, असंच त्यांना शेवटच्या महिन्यापर्यंत माहीत होतं. त्या वेळी डबी नव्हती, आता आहे. शास्त्र कशाला खोटं बोलेल? आणि तो जो कोणी अनोळखी आहे त्याची छाती बुरशीने भरत चालली आहे, आणि त्याच हवेत इरा श्वास घेते आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्या देवळातून लवकर परतू लागल्या. किल्ली आवाज न करता फिरवू लागल्या. दुपारी डोळे मिटून पडायच्या, पण झोपायच्या नाहीत. हर्षाली दार लावून कामाच्या बैठकीला बसली, की पलीकडे पुरुषाचा आवाज येतोय का, येतोय तर तो यंत्रातला आहे की खोलीतला, हे कान ओळखू पाहायचे. नामस्मरणाची माळ हातात तशीच फिरत असायची.

*

अशातच येवल्याहून फोन आला. श्रीरंगरावांचे चुलत भाऊ गेले. दहा दिवसांचं सुतक आलं. देव्हाऱ्यावर पडदा पडला. पूजा नाही, दिवा नाही, शंखही नाही. पंचात गुंडाळलेला तो खणातच राहिला.

त्या संध्याकाळी डबी म्हणाली, "ओळखीचे श्वास चार. सर्व ठीक."

दुसऱ्या दिवशीही चार. तिसऱ्याही.

"बरं झालं," ओजस शेवटी म्हणाला.

"काय बरं झालं?" हर्षालीने विचारलं.

"काही नाही. बंद झालं ना. विषय संपला."

"काय बंद झालं, ओजस? नीट बोल."

"मी विचारलं आणि चार दिवसांत बंद झालं. मी पुढे काही म्हणत नाही. माझ्याकडून संपलं."

हर्षालीचा चेहरा पांढरा पडला. पाच आकडा आला तेव्हा निदान भांडता येत होतं. चार आल्यावर तिच्याकडे बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती सासूकडे वळली.

"आई, तुम्हालाही असंच वाटतं?"

विनयाताई म्हणाल्या, "मी कुठे काय म्हटलं गं?"

"तेच तर. तुम्ही काही म्हणत नाही. देवळातून लवकर येता, दुपारी डोळे मिटून जाग्या असता. मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? तुमची माळ थांबते ना, तेव्हा तुम्ही ऐकत असता."

हर्षालीने इराला उचललं आणि खोलीचं दार लावून घेतलं. ते दार मग सुतक सरेपर्यंत बहुतेक लावलेलंच राहिलं.

*

सुतक फिटलं. घर धुतलं, गोमूत्र शिंपडलं, देव उजळले. पूजेच्या वेळी विनयाताईंनी सुनेकडे नुसते हात पसरले. क्षणभर थांबून हर्षालीने इराला त्यांच्या मांडीवर दिलं. पंचाची घडी उलगडताना एक आंबूस, तळघरासारखा वास आला. इतके दिवस कापड बंद होतं, म्हणून असेल. त्यांनी शंख दुधाने न्हाऊ घातला, पुसला आणि तीन वेळा फुंकला. इराने टाळ्या पिटल्या.

संध्याकाळी डबीचा दिवा तांबडा झाला.

"ओळखीचे चार. अनोळखी एक. संसर्ग वाढला आहे. एक वर्षाखालील मूल या घरात ठेवू नका. आरोग्य केंद्राला कळवण्यात आलं आहे."

ओजसने डोळे मिटून घेतले. हर्षालीने कपाटावरची बॅग खाली काढली. "उद्या डॉक्टर येऊन गेल्या की मी जळगावला जाते," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "परत यायचं की नाही, ते तिथे ठरवीन. इराची छाती तिथे तरी सुरक्षित राहील."

"त्याला बोलावलंस तू?" ओजसच्या तोंडून निघून गेलं.

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती इराची झबली घड्या करून बॅगेत ठेवत राहिली.

विनयाताई देवापाशी बसल्या होत्या. नेहमी त्या देवाला काहीतरी मागायच्या. आज काय मागावं, ते कळेना. दहा दिवस तो अनोळखी आला नाही आणि आज आला. सुतकात तो का आला नसावा? परक्या माणसाला आपल्या घरचं सुतक कशाला लागतं?

त्यांचा हात तेलाच्या बुधलीवरच थांबला. या दहा दिवसांत घरात काय नव्हतं? पूजा नव्हती. पूजेत काय असतं? फुलं श्वास घेत नाहीत. दिवा श्वास घेत नाही.

शंख घेतो.

पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं ते शास्त्र नव्हतंच. त्यांना वाटलं, हे आहेत. इतकी वर्षं ज्याच्यात श्वास ओतला, त्याच्या वेढ्यांत तो कुठेतरी राहिला असेल, आणि डबीला तो पाचवा माणूस म्हणून दिसत असेल. डोळे भरून आले. आणि त्याच क्षणी तो आंबूस वास आठवला. नासलेल्या दुधाचा. रोज चमचाभर. आतल्या वेढ्यापर्यंत ना बोट पोचत, ना ऊन. वरून ओला पंचा. ते तिथे नव्हते. तिथे होतं ते त्यांच्या मायेच्या दुधावर पोसलेलं दुसरंच काही, आणि ते त्या रोज इराच्या डोक्यावरून फुंकत होत्या.

मग आणखी एक विचार आला आणि त्याची त्यांना भीती वाटली. उद्या हर्षाली जाईल. इरा जळगावला सुखरूप राहील. आपण शंख नीट वाळवू, दूध बंद करू. डबी गप्प बसेल. कुणी विचारणार नाही. शंख राहील. जाईल ते फक्त सुनेचं नाव.

*

सकाळी आरोग्य केंद्राच्या डॉ. काझी अपेक्षेआधीच आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या. तोंडावर गाळणीची पट्टी होती, त्यामुळे डबी त्यांना मोजत नव्हती. विनयाताईंची पूजा व्हायची होती, म्हणजे मौन चालू होतं. बॅग दारापाशी उभी होती.

"घरात नियमित येणारी कोणी व्यक्ती?" डॉक्टरांनी विचारलं. "नाव मला एकटीलाच सांगितलं तरी चालेल. मी कुणाला सांगत नाही. त्या माणसाला उपचारांची गरज आहे."

ओजस खिडकीबाहेर पाहत होता. हर्षाली म्हणाली, "लिहा तुम्हीच काहीतरी. इथे सगळ्यांना माहीत आहे, फक्त मला नाही."

"थांबा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. विनयाताई पूजेआधी बोलल्या होत्या. आणि बोलल्या त्याही केवढ्या मोठ्याने!

"डॉक्टर, तुमच्या किल्लीने डबीचा आत्ताचा आकडा उघडा. ओजस, हर्षाली, इराला घेऊन बाहेर जिन्यात उभे राहा. दार उघडं ठेवा, पण लांब राहा."

"आजी, हे असं..."

"उघडा म्हणते ना."

सगळे बाहेर गेले. डॉक्टरांनी किल्ली फिरवली. काही वेळ डबी खोलीतली जुनी हवा चाळत राहिली. मग तिच्या पाटीवर अक्षरं उमटली. ओळखीचा श्वास: एक.

विनयाताईंनी पंचा सोडला, शंख ओठांशी नेला आणि फुंकला. ओजस वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच तो नाद दारात उभा राहून ऐकत होता. एरवी त्या वेळी तो कारखान्यात असायचा, नाहीतर रात्रपाळीहून येऊन झोपलेला. नाद संपायच्या आत पाटी तांबडी झाली.

ओळखीचा श्वास: शून्य. अनोळखी: एक.

जिन्यात इराने टाळ्या पिटल्या.

डॉ. काझींनी शंख हातात घेतला, आत बारीक दिवा धरला आणि पटकन तोंड बाजूला केलं. "यात दूध घालता?"

"रोज."

"आत हिरवट थर आहे. तुमचाच श्वास या थरातून येतो, आजी. ऊब आणि ओल माणसाचीच, पण वास बुरशीचा, आणि लयही नेहमीची नाही. एवढा लांब श्वास तुम्ही एरवी सोडत नाही. म्हणून डबीला तुम्ही ओळखू आला नाहीत. तिच्या हिशेबी कुणी दुसरंच आजारी माणूस रोज घरात येत होतं." त्यांनी विनयाताईंच्या छातीवर एक चपटी चकती टेकवून डोळे मिटून ऐकलं. "अगदी सुरुवात आहे, डबीच्या टप्प्यात अजून आलेली नाही. गोळ्यांनी जाईल. बाळाचं तपासू, पण ते हसतंय म्हणजे वेळेत कळलं. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर मी आज इतक्या शांतपणे बोलत नसते."

"आणि शंख?"

"तपासायला न्यावा लागेल. उकळला तरी आतपर्यंत खात्री देता येत नाही."

विनयाताईंनी तो पंचासकट डॉक्टरांच्या पिशवीत स्वतःच ठेवला. कालपर्यंत त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

ओजस जिन्यातच उभा होता. "हर्षा," तो म्हणाला, "डबीची चूक झाली गं."

"डबीची काही चूक नाही. तिने आकडा सांगितला. त्यात माणूस तू घातलास." मग तिने सासूकडे पाहिलं. "आणि तुम्ही, आई, एकदा विचारायचं होतंत. इतके दिवस ऐकत बसलात, त्यापेक्षा एकदा विचारणं सोपं होतं."

"हो," विनयाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता.

हर्षालीने बॅग उचलली. विनयाताईंनी तिला अडवलं नाही. प्रवासासाठी दशम्या बांधून दिल्या. हर्षालीने घेतल्या, पण नमस्कार केला नाही.

*

ती परत आली तेव्हा आंब्यांचा मोसम सरत आला होता. तोवर रोज शंखाच्या वेळेला विनयाताई जळगावला फोन करत होत्या. पहिले काही दिवस हर्षालीच्या आईने उचलला, मग हर्षालीने. बोलणं थोडंच व्हायचं. इरा पडद्याजवळ तोंड आणून फुंकर मारायची आणि पडदा धुकट व्हायचा.

देव्हाऱ्याच्या खणात आता शंख नव्हता. विनयाताईंनी नवा आणला नाही. पूजेनंतर त्या रिकामे हात जोडून बसायच्या आणि यजमानांना मनात सांगायच्या की शंख मुका पडला नाही, मी ठेवला. नवं व्रतही त्यांनी घेतलं होतं आणि मुलालाही घ्यायला लावलं होतं. डबी भिंतीवर राहील, इराच्या छातीसाठी ती हवीच. पण तिने आकडा सांगायच्या आधी माणसाला विचारायचं. विचारायचं, आणि उत्तर पुरेसं मानायचं.

"हे कसलं व्रत?" ओजस म्हणाला होता.

"करून बघ," त्या म्हणाल्या होत्या. "एकादशी सोपी वाटेल."

हर्षाली आल्यानंतरची ती पहिली संध्याकाळ. ती इराला भरवत होती, पण पाठ भिंतीकडे करून. ओजस समोर बसला होता. सांजवात लावून विनयाताई उठल्या, सुनेजवळ आल्या आणि खाली बसल्या.

"आज दिवसभर घरात किती जण होते गं?"

हर्षालीने चमचा खाली ठेवला. प्रश्नाच्या मागे काही आहे का, हे ती बराच वेळ सासूच्या डोळ्यांत शोधत राहिली.

"चार, आई."

"बरं," विनयाताई म्हणाल्या आणि इराचं तोंड पुसू लागल्या.

मग डबी बोलू लागली. ओजसची मान किंचित तिकडे वळली. त्याने ती परत इराकडे आणली.

हर्षालीने दोन्ही पाहिलं आणि पुढचा घास भरवला.